पडलेल्याला मारायचं नाही

माझ्या बायकोच्या मामांपेक्षा हट्टी माणूस आगरदांड्यापासून माणगावपर्यंत शोधून दाखवा, मी मिशी उतरवीन. मुंबईला गोदीत नोकरी करता करता हे गृहस्थ बॉक्सिंग शिकले आणि निवृत्त होऊन गावी आले ते तोच पवित्रा घेऊन. दिघीच्या फेरीबोटीत आपण सगळे कठडा धरून उभे राहतो. मामा डावा पाय पुढे, हनुवटी खाली, हात मोकळे. "पायांत हाय सगळं, जावईबापू," असं म्हणता म्हणता एकदा लाट आली आणि मामा थेट कोळणीच्या पाटीत बसले. तिची माफी मागितली, पण पाय चुकला हे आजतागायत कबूल नाही. अंगणातल्या जांभळाला तुसानं भरलेलं पोतं टांगलंय. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यालाही त्यावर दोन ठोसे मारल्याशिवाय चहा मिळत नाही.

या पोत्यावरच वाढलेली त्यांची एकुलती एक लेक एका संध्याकाळी म्हणाली, "पप्पा, मी एमएमए खेळणार." म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र, तेही जाळीच्या पिंजऱ्यात. मामा असे भडकले की विचारू नका.

"बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की आपण कोपऱ्यात जातो. पंच दहापर्यंत आकडे म्हणतो, माणसाला उठायला वेळ देतो. आणि तुमच्यात? पडलेल्याच्या उरावर बसून हाणायचं! ही काय यष्टीतली जागा हाय?"

लेक कुणाची? "आणि मलाच कुणी पाडलं तर? आकडे मोजत पडून राहू?"

त्या दिवसापासून मामांनी लेकीशी बोलणंच सोडलं. भाकरीसुद्धा मामींमार्फत मागायचे. त्या पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभं राहणार नाही, असं गावभर सांगून झालं.

माणगावला तिची पहिली लढत होती त्या रविवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात. "भाताचं बियाणं बघायचंय माणगावात. गाडी काढा." रविवारी बियाण्याचं दुकान बंद असतं, तरी मी गाडी काढली.

लेकीच्या उजव्या ठोशानं समोरची पोरगी धाडकन आडवी झाली. हॉल ओरडला, "बस वर! बस!" आणि आमची बाई? शहाण्या मुलीसारखी मागं सरकून जाळीपाशी जाऊन उभी राहिली, आकडे ऐकायला! अहो, पिंजऱ्यात आकडे कोण म्हणणार? ती पोरगी सावरून उठली, तिनं हिला कमरेला धरून आपटलं आणि मान आवळली. हिला हात आपटून हार मानावी लागली.

सगळा हॉल हसत होता. मामा खुर्चीवर चढून एकटेच टाळ्या वाजवत होते. "पडलेलीला मारलं न्हाय माझ्या लेकीनं! हसा, खुशाल हसा!"

परतताना ती मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "जिंकले होते हो मी, पप्पा." मला मामांकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर जांभळाखाली ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर मामा उताणे. लेक समोर उभी.

"बस उरावर. पडलेल्याला कसं मारायचं ते माझ्यावर शीक. पण मी उठणार हाय, सांगून ठेवतो!"

तिनं मूठ उगारली, खाली घेतली आणि हसून म्हणाली, "एक... दोन..."

मामा जिद्दीनं कुशीवर वळले, हातांवर जोर देऊन अर्धे उठले, पण गुडघे साथ देईनात. मी पुढं झालो तर माझ्यावर खेकसले. आकडे हळू होत गेले. नऊ म्हणून ती थांबली, आणि मामा आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत थांबूनच राहिली.