घासून आलेला डबा

मुलांच्या अंतःकरणात डोकावण्याची शक्ती फार थोड्यांना लाभते, आणि शमीमखाला त्या थोड्यांपैकी एक होत्या. हे वाक्य माझे नाही, आमच्या प्राचार्यांचे आहे. खालांच्या शोकसभेत त्यांनी ते कागदावरून वाचले. वस्तुतः खाला कोणाच्याही अंतःकरणात डोकावत नसत. त्या डब्यात डोकावत.

लातुरात शिकवणीवर्गांचे पीक आले तेव्हा आमच्या कॉलेजामागच्या गल्लीत घरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त झाल्या. त्या खोल्यांना आणि आमच्या मुलींच्या वसतिगृहाला खालांच्या खानावळीतून डबे जात. दुपार कलली की डबे परत येत, आणि खाला स्टुलावर बसून एकेक उघडत. वास घेत, कडेने बोट फिरवत. प्रत्येक झाकणावर नाव रंगवलेले असे, त्यामुळे संशय घेणे सोपे जाई. तसा त्यांचा संशय सगळ्यांवरच होता. दूधवाल्यावर होता, ढगांवर होता, शिकवणीच्या जाहिरातीतल्या हसऱ्या मुलांवर तर फारच. एका मृदुभाषी शिक्षकाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "लई गोड बोलतो. वर्गात बदडत असणार." बदडत होता.

बायको माहेरी गेल्यावर महिनाभर मीही त्यांचा डबा लावला होता. चौथ्याच दिवशी त्यांनी रस्त्यात अडवले.

"मास्तर, कारलं कुत्र्याला घातलाव न्हवं?"

घातले होते. मी प्राध्यापक होतो, पण त्या मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणाल्या.

आमची ओळख भूकंपानंतरच्या छावणीतली. त्यांचे यजमान लग्नाच्या पंगती रांधणारे बावर्ची होते. आपल्या मोठ्या डेगा घेऊन नवराबायको छावणीवर आले होते आणि भाताचे वाढप खाला करत होत्या. मी कॉलेजात नवाच लागलेला, म्हणून माझ्या हातात छापील तक्ते आले होते. मूल दचकते का, रडते का, बोलते का. होय किंवा नाही. आठेक वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी बरी हाय." तोवर आमच्यासारखे बरेच तक्तेवाले येऊन गेले होते. मी खूण केली.

"काय लिवलाव?" मागून खालांनी विचारले.

"बरी आहे असं लिहिलं."

"तिच्या गोधडीखाली बघा."

गोधडीखाली पावांचे पुडे होते. मदतीच्या ट्रकमधून आलेले, हिरवी बुरशी चढलेले. आई ढिगाऱ्यातून निघाल्यावर तिला भूक लागेल म्हणून पोरीने ते रोज बाजूला ठेवले होते. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. खालांनी पुड्यांना हात लावला नाही. रोज जेवताना त्या पोरीला शेजारी घेऊन बसत, एवढेच. मला मात्र म्हणाल्या, "पोरांना इचारू नका, मास्तर. इचारलं की पोरं पेपर लिव्हतात. मार्क कशाला मिळतात ते त्यांना ठाव असतंय."

हे मी पुढे साफ विसरलो. कॉलेजाने 'विद्यार्थी मनःस्वास्थ्य समिती' स्थापन केली तेव्हा तिचा सचिव मी झालो. माझे तास कमी होते. आम्ही जिन्यात सुविचार लावले, 'मनातलं सांगा' अशी पेटी बसवली. पेटीत वर्षभरात एक चिठ्ठी निघाली: पंखा दुरुस्त करा. दर महिन्याला मुली एक प्रश्नावली भरत. नायगावकडची वैशाली सगळ्या उत्तरांपुढे 'आनंदी आहे' अशी सुबक खूण करी. अहवालात मी तिचा तक्ता नमुना म्हणून जोडला होता.

एका दुपारी खाला माझ्या खोलीत आल्या आणि टेबलावर डबा ठेवला. झाकणावर 'वैशाली' होते. आत चकचकीत.

"चांगला घासलाय की," मी म्हणालो.

"खानावळीचा डबा कोणती पोरगी घासती? घरी सवताचं ताट उचलत न्हाईत ह्या."

"संस्कार असतील."

"मास्तर, संस्कार दोन दिस टिकतात. ही पंधरा दिस झाले घासायली. काय तरी झाकायली."

मी तक्ता काढून दाखवला. खालांनी तो वासही न घेता परत केला. अर्थात त्यांना वाचता येत नव्हते. पण आले असते तरी त्यांनी विश्वास ठेवला असता असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच वेळी आल्या. पुन्हा तोच डबा.

"आज म्या हिला रिकामाच डबा धाडला," त्या म्हणाल्या. "भाजी न्हाई, भाकर न्हाई, कायबी न्हाई. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतली असती. हिचा बघा. घासून आला."

मी त्या डब्याकडे बघत राहिलो. उपाशी पोरीने रिकामा डबाही एका शब्दाने न विचारता धुऊन धाडला होता. मग मी आणि रेक्टरबाई धावतच वसतिगृहात गेलो. वैशाली जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. वर जायचे होते, पण पाय उचलत नव्हते. तरी आम्हाला पाहून ती हसली आणि म्हणाली, "मी ठीक आहे, सर." डॉक्टरांनी तपासले, सलाईन लावले, आणि आणखी आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नसते तर काय झाले असते ते रेक्टरबाईंना बाजूला घेऊन सांगितले.

कारण साधे निघाले. मेडिकलच्या शिकवणीत दर रविवारी चाचणी, सोमवारी फळ्यावर नंबर. नंबर घसरला की वरच्या तुकडीतून खाली. जेवले की झोप येते, झोपले की तुकडी जाते, असा हिशेब तिने मांडला होता. जेवण रोज मागच्या नाल्यात.

वडील दुसऱ्या दिवशी आले. सरळ माणूस, घाबरलेला. खालांच्या खानावळीत बाकावर बसून म्हणाला, "आमी तिला खाऊ नको म्हणलो का कधी?"

"न्हाई म्हणलाव. पर फोन केल्यावर पैला काय इचारता?"

"...नंबर किती आला म्हणून."

"अन् जेवलीस का?"

"ते इचारतो की. शेवटाला."

"शेवटाला बूथवरचं मीटर पळायलंय म्हणून फोन ठिवता."

पुढचे दीड महिने वैशाली शिकवणीला गेली नाही. दोन्ही वेळा खालांच्या चुलीशेजारी बसून जेवली. खालांनी तिला एक प्रश्नही विचारला नाही. फक्त ताटावर डोळा ठेवला. वडील रोज फोन करत आणि आधी भाजी कोणती होती ते विचारत. तेही खरेच जेवल्याबद्दल विचारतात की नंबराकडे यायची वाट पाहतात, असा खालांना संशय होताच. एक दिवस वैशाली मोठ्याने म्हणाली, "खाला, वरणात मीठच न्हाई." खालांनी मीठ दिले आणि मला निरोप धाडला: पोरगी बरी आहे.

वैशाली डॉक्टर झाली नाही. मुरुडला तिचे कापडाचे दुकान आहे. शोकसभेला ती आली होती आणि प्राचार्यांच्या भाषणापेक्षा उपम्याकडे तिचे जास्त लक्ष होते. हे खालांना आवडले असते.

आता खानावळ त्यांची सून चालवते. अन्न चांगले असते. डबे मात्र कागदी, खाऊन फेकून द्यायचे; परत काहीच येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने तशी शिफारस मनःस्वास्थ्य समितीनेच केली. ठरावाखाली सचिव म्हणून सही माझी आहे.