नाक पुढं, मग उठा!

पवनारच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी तासभर घाम गाळायला जाते. माझा नाही, त्यांचा! येताना एखादा किस्सा बरोबर येतोच. इतके दिवस नवऱ्याला ऐकवायचे, आता तोही पुरेना. म्हणून तुम्ही ऐका.

*

आमच्या कौसाबाई ऐंशी उलटलेल्या. खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. धाकट्या मुलाकडे, हिंगणघाटला, नातीचं लग्न निघालं. थोरला सुधाकर येऊन सांगून गेला, "माय, तुले सारखं उचला लागन. चारचौघांत बरं दिसत नाई. इथंच राह्य, व्हिडिओ दाखवतो."

तो गेला आणि कौसाबाईंनी मला हाक मारली. "पोरी, मले लग्नात आपल्या पायावर उभं राह्याचं हाये."

"खूप दमावं लागेल, आजी."

"जलमभर दमलीच तं हाओ!"

*

"पाय मागे घ्या, नाक पुढं काढा, मग उठा!" हा माझा मंत्र. पहिल्याच दिवशी तशी खुर्चीतून ऊठ-बस करून त्यांना सणकून धाप लागली. मी खूश! तेवढ्यात त्यांच्या खोलीतल्या गिरजाबाई कुठूनशा लगबगीनं आल्या. एका हातात चमच्यात पाणी, दुसऱ्या हातात तुळशीचं पान.

"तोंड उघड, कौसे!"

"अवं, मेली नाई मी! व्यायाम करून राह्यली!"

गिरजाबाईंनी पानाकडे पाहिलं आणि स्वतःच खाऊन टाकलं. "आणलं हाये तं वाया काऊन घालवू?"

*

आश्रमातल्याच वानखेडे गुरुजींनाही मी हाच व्यायाम दिला होता. एक दिवस त्यांचा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. तोही आता टकलू, नातवंडांचा आजोबा. दारातून बघतो तर गुरुजी घामाघूम, ऊठ-बस, ऊठ-बस!

त्यानं हळूच मला विचारलं, "मॅडम, गुरुजींचं काय चुकलं?"

गुरुजींनी तेवढं बरोबर ऐकलं. "कालचा गृहपाठ केला नाई!"

खरंच केला नव्हता.

*

पायांत जोर यावा म्हणून वजन बांधायचं होतं. मी स्वयंपाकघरातून तुरीच्या डाळीची पाकिटं आणली, तर कौसाबाईंनी पाय मागे ओढले. "अन्न पायाले बांधून राह्यली? पाप लागते!"

मग धाम नदीची वाळू आणून पिशव्या शिवल्या. डाळ हाताला बांधायला मात्र त्यांची हरकत नव्हती. वरून गिरजाबाईंना सांगितलं, "पाकीट फुटलं तं वरण आपल्याच खोलीत."

*

लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी त्यांचे गुडघे उठायलाच तयार होईनात. दोनदा अर्ध्यातून खाली बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या त्या पदर डोळ्याला लावूनच. "नाई होत पोरी माह्याच्यानं."

गुरुजी आपल्या खुर्चीतून म्हणाले, "बाई, मीच एका वर्गात दोनदा बसलो होतो. मंग मास्तर झालो!"

कौसाबाई रडता रडता हसल्या. नाक पुसलं, ते पुढं काढलं आणि उठल्या.

*

आजी हवीच असा नातीनं हट्टच धरला, तेव्हा सुधाकर त्यांना न्यायला गाडी घेऊन आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन व्यायामाच्या वेळी, तोच त्यांना परत सोडायला आला. पोट पुढं, मान खाली. कौसाबाई मात्र नव्या लुगड्यात ताठ!

गिरजाबाईंना धीर कुठला. "उभी राह्यली का उचलली?"

"कार्यालयातला सोफा लय खोल, गिरजे. हा मले उचलाले म्हणून बाजूले येऊन बसला. मंगलाष्टकं सुरू झाली. म्या पाय मांगं घेतले, नाक पुढं काढलं अन् उठली. हा बसूनच!"

"मंग?"

"मंग काय! समद्याइच्या अक्षता याच्या डोक्यावर! शेवटी म्याच हात देल्ला."

सगळे हसले, मीही. माझे डोळे ओले झाले होते ते कुणी पाहिलं नाही. सुधाकर "निघतो" म्हणाला, तर कौसाबाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात थोपटला. तो माझ्याकडे बघत मुकाट्यानं बसला.

"पोरी, याले वाळूच बांधजो. डाळ नको. हा खाऊन टाकन."