परत आलेली वाटी

शेजारच्या मालूताई सकाळी माझी वाटी परत घेऊन आल्या. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात बेसनाचा लाडू होता. त्यांचे डोळे जड दिसत होते, एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली होती.

परवा याच वाटीतून मी त्यांना माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला घेता येत नाही, म्हणून आपण औषध देतो आणि त्याला माया म्हणतो.

“कंबर अगदी गप्प झाली बघा. आणखी आहेत का?”

“संपल्या,” मी म्हणाले. पाकीट मागे फ्रिजवर दिसत होतं.

“मग नाव सांगा, मुलाला आणायला सांगते.”

आता गोळ्या कसल्या आहेत ते लपवणं शक्य नव्हतं. त्यांना खुर्चीवर बसवून, घरी सोडताना सिस्टरनं बजावलेलं मी सांगू लागले: गोळ्या जालीम आहेत, गुंगी येते, सवय लागते, कुलपात ठेवा, उरल्या तर हॉस्पिटलात परत आणा, कुणालाही देऊ नका. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. ते शब्द खरे ऐकले ते आज, माझ्याच तोंडून.

“मग मला कशा दिल्यात हो?” मालूताईंनी साधेपणानं विचारलं.

लाडवाची वाटी अजून माझ्या हातात होती.