बुजऱ्या मुलाची चाळिशी

शहाद्याच्या शाळेतले आमचे गुरुजी जुन्या विद्यार्थ्यांना दर काही वर्षांनी गाठत. वाढत्या वयात माणसाचा स्वभाव बदलतो का, त्याला समाधान कशात मिळतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी वर्गात सर्वांत बुजरा होतो. माझी चाळिशी उलटल्यावर ते माझ्या गावी, कळसाडीला आले. त्याच वर्षी मी भर चावडीवर भांडून गावाने घरी बसवलेल्या मुलींना शाळेत बसवलं होतं.

"समाधानी आहेस का रे?" गुरुजींनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "गुरुजी, आते यास्ना आवाज आख्खा गावले ऐकू येस!"

मी गुरुजींना शाळेकडे नेलं. आत माझी धाकटी लेक पाढे म्हणत होती.

"आहे, गुरुजी," मी ताठ मानेने म्हणालो.