ऑक्सिजन सेन्सरची खोटी साक्ष

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९ वाजून १० मिनिटे. शिरूरच्या पीयूसी केंद्रावर आमच्या मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के निघाला, मर्यादा ०.५ ची होती. केंद्रचालकाने नळी बाहेर काढून पुसली आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शांतपणे विचारले, "गाडी चुलीवर चालवता का काय?"

आप्पा हसले नाहीत. गाडीला पंधरा वर्षे पुरी होत आली होती आणि नोंदणी वाढवायची तर आधी हा दाखला हवा होता. तो मिळाला नाही तर गाडी दौंडच्या भंगारवाल्याला द्यायची, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. तो पुढच्या रविवारी निमोण्याला, आमच्या घरी, येणार होता. माझी अडचण अशी की मी रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. कंपनीची बस आमच्या गावात येत नाही, पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते, आणि नोकरी कायम होण्यास अजून तीन आठवडे बाकी होते. गाडी गेली की नोकरी गेली, इतके ते समीकरण सरळ होते.

"शनिवारपतुर बघ," आप्पा म्हणाले. "एमेस्सी झालीयस नव्हं?"

मी त्याच दुपारी वही उघडली आणि गाडीच्या संगणकाला मोबाइलवरून प्रश्न विचारणारे छोटे यंत्र जोडले. उत्तर निःसंदिग्ध होते: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यावरून, कुठून तरी चोरटी हवा आत शिरत असणार, असा निष्कर्ष मी काढला. सोमवार आणि मंगळवार, पाळीवरून परतल्यावर, मी इंजिनाच्या प्रत्येक नळीवर साबणाचे पाणी लावून बुडबुड्यांची वाट पाहिली. गळती असती तर बुडबुडे येण्याऐवजी साबणच आत ओढला गेला असता, हे माझ्या ध्यानात मंगळवारी अंधार पडताना आले. तोवर इंजिन मात्र कधी नव्हे इतके स्वच्छ झाले होते.

बुधवारी मी शिरूरच्या मेकॅनिककडे गेले. या गृहस्थांना सगळा तालुका मामा म्हणतो. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मागे जाऊन उकिडवे बसले, आणि धुरापुढे नाक धरून डोळे मिटले.

"ताई, हे पातळ न्हाई. हे श्रीखंड हाय."

"पण मामा, यंत्र पातळ म्हणतंय."

"यंत्राला नाक हाय का?"

त्यांनी एक स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर काजळी धरली होती, डोळ्यांत घालता येईल इतकी. पेट्रोल गरजेपेक्षा अधिकच जळत होते. दोन साक्षी परस्परविरोधी असतील तर एक साक्षीदार खोटा असतो. आणि मी दोन दिवस, केवळ तो आकड्यांत बोलतो म्हणून, खोट्यावर विश्वास ठेवला होता.

तो साक्षीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. तो धूर बाहेर नेणाऱ्या नळीत रुतलेला असतो आणि धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून पाहतो. इंजिन तापले की त्याचा व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत खालीवर व्हायला हवा. मी मल्टिमीटर लावला. काटा नव्हताच, आकडा होता, आणि तो ०.०६ वर बसला तो उठेना. मामांनी मुद्दाम आणखी पेट्रोल पाजून पाहिले. सेन्सर तरीही उपाशीपणाचीच तक्रार करीत राहिला, आणि संगणक भोळ्या वाढप्यासारखा वाढतच राहिला.

घरी येऊन, इंजिन गार झाल्यावर, मी सेन्सर खोलून काढला. त्याच्या डोक्यावर, जिथून वायरी निघतात आणि तुलनेपुरती बाहेरची हवा आत जाते तिथे, करपलेल्या कढईसारखा थर होता. नखाने खरवडला. खाली लाल, त्याखाली पिवळे, पुन्हा लाल.

"आप्पा, हे काय आहे?"

"हळदकुंकू. खंडेनवमीचं."

"इथंच का लावलं?"

"मग कुठं लावायचं? समद्या इंजिनात ह्योच एक ताठ उभा हाय. म्हणलं, मुख्य ह्योच असंल."

"आणि हे चिकट?"

"कोरडं कुंकू उडून जातं. म्हून तुपात कालवून लावतो. दर साली."

न्यायाने सांगायचे तर त्यांचे अनुमान बरोबर होते: मुख्य तोच होता. केवळ मुख्यपणाच्या सन्मानात त्याचा श्वास कोंडला होता.

थर काढून मी तोच सेन्सर पुन्हा बसवला, तरी आकडा ०.०६ वरून हलेना. नवा मागवला असता तर आठवडा लागला असता. म्हणून गुरुवारी पाळी सुटल्यावर मी दौंड गाठले, थेट त्याच भंगारवाल्याकडे, कारण आमच्या जातीच्या गाड्या तोडणारा जवळपास तो एकच होता. मी कोण ते सांगितले.

"म्हंजी माझं गिऱ्हाईक जगवायला माझ्याकडूनच औषध नेता व्हय?" तो म्हणाला, पण सेन्सरांचा डबा त्याने पुढे सरकवला. त्यात सात होते. तिघांवर कुंकू होते, एकावर तर नारळाच्या शेंडीचे केसही. उरलेले चार मी तपासायला घेतले. पत्रा कापायची ज्योत त्याने बारीक करून धरली, मी मीटर धरला. पहिले दोन मुके निघाले. तिसरा ०.८४ वर गेला, ज्योत दूर करताच झटकन शून्याकडे आला.

"हा जिता हाय," तो नाराजीने म्हणाला. "आता रविवारी येऊ का नको?"

"शनिवारी कळवते."

शुक्रवारी मामांनी तो बसवला आणि प्लग बदलले. त्याच संध्याकाळी आप्पांनी, हळदकुंकू पुढच्या साली कुठे लावलेले चालेल, अशी रीतसर विचारणा केली. मी विचार करून बॅटरीचे झाकण सुचवले. ते सपाट आहे म्हणून त्यांना पसंत पडले नाही. अखेर बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर तडजोड झाली.

शनिवारी मी पाळी बदलून घेतली. शिरूरच्या केंद्रावर चालकाने नळी आत सारली. आप्पा यंत्राकडे पाठ करून उभे राहिले.

"काय केलं गाडीला?" चालकाने विचारले.

"काय न्हाई. जरा देव हलवला," आप्पा म्हणाले, आणि मागे न पाहता मला विचारले, "किती?"

आकडा स्थिरावायला वेळ लागला. मी वहीत वेळ लिहिली, १० वाजून २५ मिनिटे, आणि तिच्यापुढे: ०.२२.