पियानोचं मामेकूळ

मी बीए होऊन हैदराबादहून गावी परतलो तेव्हा गावानं माझ्याबद्दल दोन समज करून घेतले. एक, ह्याला आता सगळं येतं. दोन, ह्याला आता नांगर धरता येणार नाही. दुसरा समज साफ खोटा होता. पहिल्याचा मी कधी इन्कार केला नाही. आमच्या घरात माझ्याआधी सगळे अंगठेवाले. सही करणारा पहिला मी. तेव्हा अंगात थोडा ताठा होता आणि तो मी शिकून कमावलेला होता, कुणाकडून उसना आणलेला नव्हता.

आमचं गाव घनसावंगीच्या खाली, गोदेच्या अंगाला. गावात धड रस्ता नव्हता, पण पियानो होता. पाटलांच्या बैठकीत, पूर्वेच्या भिंतीला लागून. जुन्या घडणीचा, टेबलासारखा आडवा आणि चौकोनी, चार जाड पायांवर उभा. दर्शनी बाजूला सोनेरी शिक्का : दोन सिंह, मधे मुकुट, वर चंद्रकोर. हैदराबादच्या दरबारातून आपल्या वडिलांना हा बाजा बक्षीस आला, असं पाटील सांगत. त्यामुळं बैठकीत येणारा माणूस आधी पियानोला वाकून सलाम करी आणि मग पाटलांना रामराम. एकदा नवा गिरदावर जमिनीच्या तपासणीला आला आणि नकळत पियानोकडे पाठ करून बसला. शिक्का दिसल्यावर असा उठला, की चहाची बशी त्याच्याच अंगावर.

खंडेनवमीला नांगर, कुऱ्हाडी, खुरप्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळद, कुंकू, वर गोडेतेलाचा हात. मग पाटील सगळ्यात डावीकडची पट्टी दाबत. टोंग! बाकीच्या पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, आतली लोकर उंदरांनी बाळंतपणाला नेली होती. त्या एका टोंगला सगळं गाव कमरेत वाकायचं. मीही वाकलेलो आहे.

पाटलांना एकच मुलगी. तिच्यासाठी वाटूरचं स्थळ आलं. पोरगा तिनं जत्रेत ओझरता पाहिलेला होता आणि तेव्हापासून तिनं आईशी भांडणं बंद केलं होतं, यावरून काय ते समजावं. अडचण होती ती मुलाच्या बापाची. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, मिशा अशा की बोलताना त्या आधी हलायच्या आणि शब्द मागून यायचे. घराणं पाहून झालं, देवक जुळलं, मामेकूळ विचारून झालं. पाटलांनी भरात येऊन सांगितलं, "आणि आमचा शाही बाजा पोरीला आंदण!"

पाव्हण्यांनी पियानोकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्याचं घराणं?"

"शाही!"

"ते झालं तोंडचं. पोरीसंगं घरात येऊन राह्यलाय, तर त्याचंबी कूळ बराबर कळाया पायजे. चौकशी करा. तवर सुपारी फुटायची न्हाई."

पाव्हणे गेले आणि पाटलांनी मला बोलावलं. "बीए, तू कॉलेजात इतिहासच शिकलास ना? मंग ह्याचा काढ. पर शाही निघाला पायजे."

"जो निघेल तो निघेल, पाटील."

"माझ्या पोरीचं लगीन हाय त्याच्यात."

दाराआडून बांगड्या वाजल्या. "दादा, काय निघायचं ते निघू द्या," पोरगी मला म्हणाली, "पर जल्दी निघू द्या."

घरी वडील म्हणाले, "एवढा खर्चा करून शिकवला आन् शेवटी बाज्याची सोयरीक जुळवायला चालला."

मी सुरुवात शिक्क्यापासून केली. रॉकेलचा बोळा घेऊन एक सिंह हलकेच पुसला, तर सिंहाची शेपटी बोळ्याला लागून आली. खाली काळंभोर गुळगुळीत लाकूड. दरबारचं सोनं रॉकेलनं जात नाही, एवढं कळायला बीए लागत नाही. वरच्या फळीवर काठाकाठानं बोटाएवढे काळे डाग होते. ते उदबत्त्यांचे, असं पाटलीणबाई सांगत. पण उदबत्तीचा डाग एवढा जाड कसा?

असले बाजे गोऱ्यांकडचे, आणि जालन्याला एके काळी गोऱ्यांची छावणी होती. छावणी उठली, पण गोऱ्यांच्या मेसमधला एक खानसामा तिथंच राहिला होता. मी त्याला गाठलं आणि डाग सांगितले. म्हातारा खुदकन हसला.

"चिरूट के निशान हैं, मियाँ! साहब लोगां गाते थे, चिरूट उस पे रखके भूल जाते थे."

"मग तो गेला कुठं?"

"छावनी उठी, सब सामान लिलाम हुआ. नाटकवाले ले गए. मैं पूछा, बजाएगा कौन? बोले, बजाना किसको है चचा, बैठना है. उस पे गद्दी डाल के रानी का तख्त बनाते."

मी गावी आलो तो थेट पाटलांकडे. वाटलं होतं, ऐकून त्यांना घेरी येईल. पाटील शांतपणे म्हणाले, "ठाव हाय मला."

"ठाव हाय?"

"गोदेला पूर आल्ता तवा नाटकवाले हितंच अडकले होते. आबानं त्यांला सगळा पावसाळा खाऊ घातलं. जाताना बाजा देऊन गेले. मी बारका होतो. त्यांच्या राणीनं मला कडेवर घेतल्ती." पाटलांचा आवाज एकदम मऊ झाला. "लई देखणी बाई, बीए. अजून डोळ्यापुढून जात न्हाई."

"पाटील, नाटकात बायकांची कामं बापेच करायचे."

पाटील माझ्याकडं असं बघायला लागले, जसा काही मी त्यांचा सातबारा फाडला.

"ते जाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "तू फकस्त शाही म्हण. माझ्या बोलण्याला कोण इचारतं? तुझ्या तोंडाला डिग्री हाय."

मी म्हणालो, ह्या तोंडानं खोटं निघणार नाही. पाटील म्हणाले, मग पोरगी घरात राहील. आम्ही दोघंही आपापल्या जागी खरे होतो आणि सुपारी उद्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी बैठक भरून गेली. पाव्हणे मधोमध, पुढ्यात पानाचं तबक. मी उभा राहिलो. छावणी सांगितली, गोरे साहेब सांगितले, चिरूट सांगितले. माणसं माना हलवायला लागली. शाही नसला तरी साहेबाघरचा आहे, म्हणजे काही वाईट नाही.

"मंग?" पाव्हण्यांनी विचारलं.

पाटील माझ्याकडं बघेनात. दाराच्या फटीत एक डोळा होता. त्या डोळ्यासाठी मी हळू बोललो, पण बोललो.

"मग तो एका नाटक कंपनीनं—"

पाव्हण्यांचा हात तबकावरच थांबला.

"चौकशी ऱ्हाऊ द्या हो, आवाज तर ऐका!" असं ओरडून पाटील पियानोकडे धावले आणि डावीकडची पट्टी मुठीनं हाणली.

टोंग!

सवयीनं सगळी बैठक कमरेत वाकली. पाटलांची पाठ आमच्याकडं होती. मी मुद्दाम ताठ उभा होतो, म्हणून मला दिसलं. पाव्हणे अर्धे उठले. मान नाजूक कलली, एक पाऊल पुढं चवड्यावर आलं आणि उजव्या हातानं त्यांनी डोक्यावर नसलेला पदर अलगद पुढं ओढला. मग भानावर येऊन त्यांनी तोच हात फेट्याला लावला आणि फेटा नीट केला. तो नीटच होता. दाराआड बांगड्या खळखळल्या आणि कुणीतरी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज आला.

बैठक सरळ झाली. मी म्हणालो, "पुढं त्या कंपनीत—"

"बास!" पाव्हणे गरजले. "चौकशी बराबर झाली."

"पण अजून—"

"नाटक कंपनीच्या पुढं कुणाचंबी घराणं काढायचं नसतं. सुपारी आणा!"

सुपारी फुटली. पाटलांना वाटलं, आवाजानं काम केलं.

गाडीत बसताना पाव्हण्यांनी मला बाजूला घेतलं. "बीए, कुठवर कळलं?"

"राणीपर्यंत."

मिशा हलल्या, पण शब्द आले नाहीत. मग हळूच म्हणाले, "घरात कुणाला ठाव न्हाई. पाटलाला तरी ठाव हाय का, तेच बघायला चौकशी लावल्ती."

"पाटलांना राणी आठवते."

"काय म्हणतो?"

"लई देखणी होती म्हणतात."

त्या धिप्पाड माणसाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी कुठल्याही नवरीच्या तोंडावर पाहिलेलं नाही. "ती पट्टी वाजली की आम्ही पडद्याबाहेर यायचो," ते म्हणाले आणि गाडीवानावर उगाच खेकसले.

लग्न झालं, पियानो बैलगाडीतून वाटूरला गेला. आमच्या पाटलांकडे येणारी माणसं पुढं कित्येक दिवस रिकाम्या भिंतीला सलाम करीत राहिली.

पोरगी मात्र माहेरी सारखी दिसायची. पंचमीला, दिवाळीला, उन्हाळ्यात तर महिनाभर. सासरी गेलेल्या पोरींचे आईबाप म्हणायचे, सासरा असावा तर असा. एकदा मी तिला म्हणालो, "सासरा फारच भला मिळाला की."

"भला कशाचा, दादा! न्हाईच म्हणत्यात आधी. मी तोंडातून शब्द काढत न्हाई. फडकं घेते, बाजा पुसते आन् पुसता पुसता ती पट्टी दाबते."

"मग?"

तिनं मान कलवली, पदर अलगद पुढं ओढला आणि मिशीचा आवाज काढला, "गाडी जुंपा रे! सूनबाईला माहेरी जायचंय."