भाऊचं कार्ड

पांढरकवड्याच्या त्या सायबर कॅफेवाल्याला मी भाऊच म्हणायचो. भाव न मिळाल्यानं घरात पडून असलेल्या कापसाचा बोळा करून तो रोज माऊसचा गोळा पुसायचा. ऑनलाइन गेम सुरू करायला नागपूरहून कार्ड आणावं लागे; त्यावरचा खरवडायचा नंबर एकदाच चाले. त्यानं हौसेनं आणलं, खरवडलं आणि लोडशेडिंग झालं. तो जेवायला गेल्यावर लाइट आली, अन् तो नंबर मी माझ्या खात्यात टाकला.

“कार्डच खोटं निघालं न भाऊ,” तो हसून म्हणाला. माझं कार्ड मामानं पाठवलं, असं मी सांगितलं.

मग रोज मी गेम खेळताना तो माझ्या खुर्चीमागं उभा. “पूल ओलांड न भाऊ, तिकडं काय हाय, पाहू दे मले.”

मी पूल ओलांडायचो. खुर्ची मात्र एकदाही सोडली नाही.